नावं ठेवायला एक फूल

गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडे बेतताना माझ्या ओठांत कायम टाचण्या असतात. गिऱ्हाइकांना वाटतं, टेलरबाई म्हटलं की हे आलंच. तसं काही नाही. टाचण्या खोचायला माझ्या मनगटावर छान मऊ गादी बांधलेली असते. ओठांत टाचण्या धरते ते तोंड उघडता येऊ नये म्हणून. ट्रायलला गिऱ्हाईक कधी एकटं येत नाही. सोबत मैत्रीण येते, जाऊ येते, आई येते. ज्याला कपड्यातलं ओ की ठो कळत नाही असा एखादीचा नवरासुद्धा खुर्चीत बसून म्हणतो, "बाही जरा अशी नाही का वाटत?" अशी म्हणजे कशी, ते त्यालाही सांगता येत नाही. पण काहीच बोलला नाही तर तो आला कशाला, असं होईल ना!

पुष्कळ वर्षं ऐकून घेतल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोबत आलेल्या माणसाला त्या कपड्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला एक चूक हवी असते. ती सापडली की तो सुखाने घरी जातो. नाही सापडली तर शोधत बसतो, आणि मग चांगली बसलेली बाही मला उसवावी लागते.

यावरचा माझा उपाय म्हणजे कोबी. तिचा जन्म मात्र अपघाताने झाला. एका झग्याच्या खांद्यावर माझ्या खडूची निळी रेघ उठली होती आणि काही केल्या निघत नव्हती. गिऱ्हाईक जिना चढत होतं. हाताला लागलं ते जांभळं अस्तर मी चुणून गोल गुंडाळलं, मधे एक बटण लावलं आणि कच्चे टाके घालून ते फूल रेघेवर बसवलं. फूल कसलं, चांगली कोबी झाली होती. गिऱ्हाइकाच्या मैत्रिणी दारातूनच ओरडल्या, "अगं बाई, हे काय!" आणि ज्या तुटून पडल्या त्या कोबीवर! मी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि शेवटी धागा ओढला. कोबी टपकन खाली पडली. मैत्रिणींचे चेहरे असे खुलले, की झगा जणू त्यांनीच शिवलाय. खडूची रेघ कोणाला दिसलीसुद्धा नाही.

तेव्हापासून माझ्याकडचा एकही कपडा ट्रायलला कोबीशिवाय गेलेला नाही. कधी ती कमरेवर असते, कधी गळ्याशी, कधी पाठीवर, म्हणजे बसलं तर टोचेल अशी. लोक पोटभर नावं ठेवतात, मी धागा ओढते, लोक खूश. दर गिऱ्हाइकाला नवं फूल करावं असं कधी मनातही आलं नाही. मी चिंधीसुद्धा टाकत नाही, तर चालतीबोलती कोबी कशाला टाकू? फक्त मधलं बटण बदलायचं, एवढी खबरदारी मी घ्यायचे.

या कोबीपासून मी एका माणसाला लांब ठेवलं होतं. माझ्या नणंदेला. ताई आमच्याच इमारतीत खाली राहतात आणि रोज दुपारी माझ्या कामाच्या खोलीत चहाला येतात. चहा पातळ असतो. खिडकी चुकीच्या बाजूला आहे. मशीन मी भिंतीला पाठ करून ठेवायला हवं होतं. ताई वाईट नाहीत हो. मी तापाने फणफणले होते तेव्हा आठवडाभर त्यांनीच माझ्या घरी स्वयंपाक केला, आणि आठवडाभर माझ्या डब्यांना नावं ठेवली. त्यांचं एका चुकीवर भागत नाही. म्हणून ट्रायल असली की मी पडदा ओढायचे आणि आतून सांगायचे, "ताई, गिऱ्हाईक कपडे बदलतंय."

पण हळूबाईंच्या ट्रायलला ताईंना कोण अडवणार? त्या हळूबाईंच्या शाळेपासूनच्या मैत्रीण.

हळूबाई वाचनालयात काम करतात. दिवसभर हळू बोलायची सवय, ती रस्त्यातही सुटत नाही, म्हणून हे नाव. पण गातात छान. गावच्या गायनमंडळात त्या कित्येक वर्षं मागच्या रांगेत उभ्या आहेत. मागच्या वर्षी मंडळाच्या प्रमुखांनी त्यांना एकटीने म्हणायला एक गाणं दिलं होतं. ताई म्हणाल्या, "गाताना तुझं तोंड केवढं उघडतं गं, आतपर्यंत दिसतं." तिसरी मैत्रीण म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या म्हणाल्या, "आणि आतली एक दाढ भरायला झालीय." झालं! कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हळूबाईंचा घसा बसला. कुठल्या औषधाने बरा होईल असा तो घसा नव्हता.

यंदा प्रमुखांनी पुन्हा गाणं दिलं आणि बजावलं, की या खेपेला माघार घेतलीत तर परत विचारणार नाही. हळूबाई मापं द्यायला आल्या त्या एकट्याच. पिशवीतून कापड काढलं तर माझे डोळेच दिपले. भडक नारिंगी!

"मला हाच रंग हवाय," त्या कुजबुजल्या. "लहानपणापासून हवाय. चांगला दिसेल ना?"

"झकास दिसेल. पण ताई ट्रायलला येणार?"

"दोघी येणार. म्हणाल्या, आम्ही नको का बघायला?" हळूबाईंनी कापडावरून हात फिरवला. "त्यांनी हे बदलायला लावलं ना, तर मी गाणार नाही. दरवेळी त्या मला राखाडी घ्यायला लावतात. राखाडी घालून मी मागच्या रांगेतच बरी."

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. मी म्हटलं, "तुम्ही निर्धास्त राहा. रंगाबद्दल त्या अवाक्षर काढणार नाहीत, हे माझ्याकडे लागलं."

झगा मी मन लावून शिवला. बाही हात वर केला तरी ओढणार नाही अशी, आणि छातीत श्वास भरून घ्यायला भरपूर जागा. मग कोबी काढली. तिचं जुनं बटण तडकलं होतं. बटणांच्या डब्यात चाचपून एक मोठं हिरवं बटण काढलं, पितळी कडेचं. जांभळ्यावर ते इतकं भयंकर दिसत होतं, की मी स्वतःवरच खूश झाले. कोबी बरोबर छातीवर टाचली.

ठरल्या दिवशी तिघी आल्या. हळूबाई झगा घालून आरशासमोरच्या चौरंगावर उभ्या राहिल्या. ताई आणि डॉक्टरीणबाई खुर्च्यांवर बसल्या. मी टाचण्या ओठांत धरून गुडघ्यावर बसले आणि घेर सारखा करायला लागले.

"हे काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "गळू झालंय का कपड्याला?"

"ईऽ!" ताई म्हणाल्या. "आणि जागा तरी कुठली निवडलीय बघ. लोक गाणं ऐकतील की हे बघतील?"

"खरकट्यासारखं दिसतंय."

"काढायला सांग आधी ते!"

रंगाचं नाव नाही. बाहीचं नाव नाही. हळूबाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, मी त्यांना डोळा मारला. धाग्याचं टोक मी हातात घेतलंही होतं. तेवढ्यात ताई उठल्या, चौरंगाजवळ आल्या आणि वाकून बघायला लागल्या.

"हे बटण माझ्या कोटाचं आहे."

माझ्या हातातला धागा तसाच राहिला.

"माझ्याच कोटाचं! तुझ्याकडून सगळी बटणं बदलून घेतली होती ना मी? जुनी हरवली म्हणालीस!"

"थांबा, थांबा," डॉक्टरीणबाईही उठल्या. "हे फूलसुद्धा मी पाहिलंय. माझ्या निळ्या ड्रेसवर होतं, कमरेवर. मीच काढायला लावलं होतं!" त्यांनी कोबी उलटी करून पाहिली, जशी दाढ बघतात तशी. "हेच! म्हणजे तू हे मुद्दाम लावतेस? आम्ही बोलावं म्हणून?"

बिंग फुटलं. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे माझ्यापुढे खोटं बोलायचीही सोय नव्हती.

"आम्हाला शेंडी लावतेस होय?" ताई कडाडल्या. "बरं मग, आता बाकीचं नीट बघू या."

आणि त्यांनी नीट पाहिलं. रंग आधी. हा काय वयाला शोभणारा रंग आहे? लांबून रस्ता बंद असल्याची पाटी वाटेल. बाह्या सैल. गळा मोठा, मानेच्या सुरकुत्या दिसतात. घेर कशाला एवढा, लग्न आहे का? तिथून गाडी हळूबाईंच्या उभं राहण्यावर गेली, खांद्यांवर गेली, आणि शेवटी ताई म्हणाल्याच, "आणि ते तोंडाचं मी तुला मागेच सांगितलं होतं. बाई गं, आम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार?"

चौरंगावर हळूबाई क्षणाक्षणाला लहान होत होत्या. खांदे पुढे आले. तेवढी मापं घेऊन शिवलेला झगा त्यांच्या अंगावर ढगळ दिसायला लागला. मला ताईंचा संताप आला आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. रोज हुशारी मिरवत होते, आणि एका बटणापायी या बाईचं गाणं जाणार होतं. मला रडू फुटायचंच बाकी होतं. काही नाही तर निदान हे ध्यान तरी त्यांच्या अंगावरून काढावं, म्हणून मी धागा ओढायला हात वर नेला.

हळूबाईंनी कोबीवर हात ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

आवाज नेहमीसारखाच हळू होता. पण वाचनालयात कोणी गप्पा मारायला लागलं, की त्या ज्या आवाजात बोलतात आणि सगळी खोली चिडीचूप होते, तो. ताई बोलता बोलता थांबल्या.

"हे फूल मला हवंय. पक्कं शिवून दे."

"वेड लागलंय का तुला? भयंकर दिसतंय ते!"

"हो," हळूबाई आरशात बघत म्हणाल्या. "फारच भयंकर दिसतंय." आणि त्यांचे खांदे मागे गेले. "पक्कं शिव गं. निघता कामा नये."

मी शिवलं. दुहेरी धाग्याने.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. मला जागा मिळाली ती नेमकी ताई आणि डॉक्टरीणबाई यांच्या मधली. हळूबाई रांगेतून पुढे आल्या आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली. "छातीवर काय आहे ते?" "फूल आहे वाटतं." "फूल? काहीतरीच!" माझ्या मागच्या बाई तर उठूनच उभ्या राहिल्या. हळूबाईंनी हे सगळं होऊ दिलं. लोक फूल बघत होते तोवर त्यांनी घेराला तळवे पुसून घेतले, ते फक्त मला दिसलं. मग त्यांनी श्वास भरून घेतला आणि तोंड उघडलं, त्यांना हवं होतं तेवढं.

सुरुवातीला मीही माझे टाकेच बघत होते. मग विसरले. एवढा मोठा आवाज या बाईने इतकी वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे. भरून आलं मला. शेजारी ताई नाक ओढत होत्या.

"दाढ भरून घेतलेली दिसते," टाळ्या वाजवता वाजवता त्या म्हणाल्या.

"नाही घेतली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे, मी पाहिलंच नाही. मी त्या मेल्या फुलाकडे बघत होते."

मध्यंतरात हळूबाईंभोवती ही गर्दी! जो तो तेच सांगत होता. गाणं सुरेख झालं हो, पण राग मानू नका, ते फूल... स्पष्ट बोलते, पण ते फूल... रंग छान आहे, नुसता रंगच ठेवला असता तरी... आणि हळूबाई प्रत्येकाला मान डोलवून सांगत होत्या, "हो ना? मलाही तसंच वाटलं." त्यांच्या तोंडाबद्दल, वयाबद्दल, मानेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मला पाहून त्यांनी डोळा मारला. मंडळाने त्यांना पुढचंही गाणं दिलं आणि त्यांनी तोच झगा घालायचं ठरवलं, कोबीसकट.

मी विचार केला, आता ताई महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्या चहाला आल्या. चहा प्यायल्या आणि पातळ आहे म्हणाल्या नाहीत. मग उठून दार लावलं, पडदाही ओढला. मी घाबरले.

"मला चार दिवस माझ्या थोरल्या नणंदेकडे जायचंय," ताई म्हणाल्या.

"हो का? छान."

"छान कसलं! त्यांना माझं काही म्हणजे काही पटत नाही. गेल्या खेपेला माझ्या चालण्याला नावं ठेवली. जेवताना पाणी पिते त्याला ठेवली. परत आले तर दोन दिवस मला घरातसुद्धा नीट चालता येईना." ताई पदर पिळत होत्या. त्या अशा बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "मी म्हटलं, तुझ्याकडे तसलं आणखी एखादं फूल असेल तर..."

 मी चिंध्यांतून शेवाळी अस्तर काढलं, करड्या कापडाचा एक तुकडा घेतला आणि बसले. आधीची कोबी सुंदर म्हणावी, इतकं वाईट फूल मी त्या दुपारी केलं. मधे त्यांचंच हिरवं बटण लावलं. त्या कोटाची बाकीची बटणं बटणांच्या डब्यात होतीच, हरवली वगैरे काही नव्हती. मागे पिन लावून फूल ताईंच्या हातात दिलं.

ताई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते उजव्या खांद्यावर लावलं. तिरकं आणि फार खाली. डावीकडे हवं होतं, गळ्याजवळ, म्हणजे समोरच्याची नजर दुसरीकडे जातच नाही. एवढी वर्षं हेच काम करतेय मी, मला कळणार नाही? जिभेच्या टोकावर आलं होतं.

"काय झालं?" ताईंनी आरशातून विचारलं. "अशी का बघतेस?"

मी मनगटावरच्या गादीतून टाचण्या काढल्या आणि पटकन ओठांत धरल्या.