हाताला कळणारी भिंत

चाळीस वर्षं मी लोकांच्या न्हाण्यांना दगड लावले. कॅसलमेन गावात कुणाच्याही घरी अंघोळ करा, भिंत बहुधा माझीच निघेल. घरच्या न्हाणीत मात्र फुटक्या टाइल्स. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मग ग्लेनिसची, माझ्या बायकोची, नजर गेली. एकदा शॉवरखाली चाचपडताना भलताच नळ उघडला आणि खांदा भाजला. डॉक्टरांनी अंघोळ घालायला नर्स सुचवली. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारपासून ती येणार होती.

"परक्या बाईकडून अंग चोळून घेऊ?" ग्लेनिस कडाडली. "त्यापेक्षा जन्मभर पारोशी राहीन."

पंधरा दिवस हातात होते. तेवढ्यात तिला एकटीने अंघोळ करता येईल अशी न्हाणी करायचं मी ठरवलं. मी इथल्या खाणीतली स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, आणली आणि घासून गुळगुळीत केली. आम्ही दगडवाले भिंतीला हात लावण्याआधी अख्खी भिंत जमिनीवर मांडून बघतो. तशी मी गॅरेजमध्ये मांडली. निळसर दगडांतून तांबूस पट्टा असा वळवत नेला, की शिडीवर चढून बघताना मी स्वतःवरच खूश झालो.

ग्लेनिसला हाताला धरून आणलं. गुडघ्यांवर बसून तिने सगळ्या दगडांवरून तळवा फिरवला.

"छान असेल रे, केल. पण सगळं सारखंच लागतंय. मी कुठे आहे ते मला कसं कळणार?"

मी भडकलो. "चाळीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती!"

"त्या सगळ्यांना डोळे होते," ती म्हणाली.

तासभर मी अंगणात फुरंगटून बसलो. भिंत मी तिच्यासाठी मांडली होती आणि बघितली माझ्या डोळ्यांनी. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग मागच्या ढिगातले टाकाऊ तुकडे उपसले. खवल्यांचे, करवतीच्या रेघांचे, गिऱ्हाईक नाक मुरडतं असले. ग्लेनिसला उलट्या बादलीवर बसवलं आणि एकेक दगड हातात देत गेलो.

"हा गरम नळाशी," ती म्हणाली. "तुझ्या रविवारच्या बिनदाढी केलेल्या हनुवटीसारखा आहे, हात लगेच मागे येतो."

"आणि गार नळाला?"

"गुळगुळीत. रेघांचे दाराकडे जाऊ देत, ओळीने."

भिंत उभी राहिली. शेजारचा ट्रेव्ह, तोही दगडवालाच, बघायला आला आणि म्हणाला, "केल, लावताना किती प्यायला होतास?"

मी त्याला चहा दिला.

सोमवारी नर्स आली, हातात फॉर्म घेऊन. "बसा हं," म्हणत ग्लेनिस आत गेली आणि तिने आतून कडी लावली. मी दारापाशी गेलो. दगडांवरून हात फिरल्याचं ऐकू आलं. थांबला. पुन्हा फिरला. मग पाणी सुरू झालं. किंकाळी आली नाही.

नर्सने दारावर टकटक केली. "काही मदत हवी का?"

"हवी ना," आतून आवाज आला. "दाराला कान लावून एक म्हातारा उभा असेल. त्याला तेवढा हलवा."

नर्स हसली आणि तिने फॉर्मवर काट मारली. मी अंगणात गेलो आणि पोटभर रडलो.