मनगटाचा पट्टा

टायपिंग करून करून तिचं मनगट पार कामातून गेलं होतं. पण पट्टा दिसला तर साहेब नारळ देतील, म्हणून ऑफिसात ती तो पर्समध्येच लपवी आणि घरी आल्यावर बांधी.

"नुसती बोटं तर हलवायची," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही बादल्या वाहिल्या, पण कधी हूं की चूं केलं नाही."

तिने पट्टा सोडला आणि लेकीला उचलायला वाकली. परवाच कळ येऊन पोर तिच्या हातून निसटली होती, पलंगावर पडली म्हणून निभावलं.

लेक मागे सरली. "तू नको. तू पाडतेस. आजी घेईल."

"बघ, पोरीलासुद्धा कळतं," म्हणत सासूबाईंनी नातीला कडेवर घेतलं.

तिने पट्टा पुन्हा घट्ट आवळला. उद्या साहेबांना हाच हात धडधाकट दिसायला हवा होता.