म्हाळूचं माप

"आप्पा, तुम्ही वरच थांबा, मी उतरते," असं पूनमबाई म्हणेपर्यंत म्हाळूने कमरेला दोर बांधलाही होता.

"मला येऊ द्या, बाई. ही हीर मी खांदलीय."

वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे. पण भांडगावातली ही कोरडी विहीर उद्या आतून काँक्रीटने झाकली जाणार होती. पस्तीस वर्षांचा डाग धुवायला म्हाळूच्या हातात आजचाच दिवस होता. जमिनीच्या पोटातल्या चिरा शोधत फिरणाऱ्या या कॉलेजातल्या बाई नेमक्या वेळेला आल्या होत्या.

विहीर खोदताना मालक पोपटरावांशी बोली ठरली होती, तांबड्या थराखाली तीन परस, म्हणजे तीन पुरुष खोल. म्हाळूने उत्तरेच्या अंगाने मापून तीन भरवले. पोपटरावांनी दक्षिणेच्या अंगाने मापलं, तर दोनच. थर खालीवर कसा असेल? पोपटराव पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, म्हाळूने वर गेरू लिंपून थर दाखवला, त्याच्या मापात पाप आहे. त्यानंतर त्याला कुणी विहिरीवर बोलावलं नाही. चांगला कसबी माणूस, पण उरलेली वर्षं कंपनीच्या गेटवर शिट्टी फुंकत काढली.

गड्यांनी दोघांना खाली सोडलं. पूनमबाईंनी उत्तरेच्या तांबड्या पट्ट्यावर हातोडी घातली. वीतभर आत गेल्या तरी तांबडंच. मग उत्तरेचा आणि दक्षिणेचा पट्टा जिथे तुटले होते, त्या तिरक्या चिरेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"हे ओरखडे बघितलेत?"

"माझ्या पहारीचे हायती."

"नाही, आप्पा. दगडावर दगड घासल्याचे आहेत. थर एकच होता. लाखो वर्षांपूर्वी जमीन इथे फाटली आणि दक्षिणेची बाजू पुरुषभर खाली घसरली. आम्ही याला भ्रंश म्हणतो."

"म्हंजी दोन बी बरोबर, आन् तीन बी?"

"दोन्ही बरोबर."

म्हाळूने वर बघून हाक मारली. काठावर ऐंशी पार केलेले पोपटराव काठी टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आबा, ऐकलं न्हवं? तवा पारावर बोलला व्हता. आता बी तिथंच सांगा."

पोपटराव काठावरून खाली वाकले.

"सांगतो की. पर त्या दिवशी पारावर व्हती ती माणसं ऱ्हायली कुठं, म्हाळू? समदी गेली."

"मी हाय की, आबा. मला सांगा."

पोपटरावांनी काठी बाजूला ठेवली. हात टेकत टेकत ते काठावर बसले आणि खाली तोंड करून त्यांनी म्हाळूला सांगितलं.