साखळीतला तीनचा तास

देवाला सगळं आधीपासून ठाऊक असतं, हे आसावरीला लहानपणापासून पाठ होतं. तेच एक दिवस आपल्यासमोर साक्षीला उभं राहील, असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं.

हेब्बाळच्या चर्चमागच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी मराठी ख्रिस्ती मंडळी जमत. कोणाच्या घरी मोठं दुखणं आलं की ही मंडळी साखळी प्रार्थना धरत. दिवसाचा एकेक तास एकेका घरानं वाटून घ्यायचा आणि आपापल्या घरी गुडघे टेकायचे. एकानं उठायच्या आत दुसऱ्यानं बसलेलं असायचं. दुखणेकऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर मध्ये कुठे उघडं पडू द्यायचं नाही. रेल्वेतून निवृत्त झालेल्या पिराजीकाकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात असेपर्यंत अशीच साखळी धरली होती. दुपारी तीन ते चार आसावरीचा तास. पहाटे स्तोत्र वाचल्याशिवाय ती चहा घेत नसे. ती चुकेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पण ऑपरेशनच्या आदल्या रविवारी काकांच्या बायकोनं, अनुसूयाबाईंनी, सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "आसावरी, तू गीत सुरू करू नकोस गं. तू धरलेला सूर खाली उतरवायला आम्हाला शिडी लागते." सगळे हसले. एकटे पिराजीकाका तेवढे म्हणाले, "मला तर बुवा आवडतं तिचं."

तीन वाजता आसावरीनं गुडघे टेकले. "प्रभू, पिराजीकाका..." एवढं म्हणेपर्यंत ती शिडी आठवली, आणि ती उठली. झोप लागली नव्हती, दारावर कोणी आलं नव्हतं. तिनं फ्रिज बंद केला आणि आतला बर्फ खरवडत बसली. चार वाजेतो फ्रिज लख्ख झाला.

त्याच तासात काकांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवं अंग आणि वाचा गेली.

काकांना घरी आणल्यावरच्या उपासनेत अनुसूयाबाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. "साखळीची एकही कडी सुटली नाही. तरी जे झालं, ती प्रभूचीच मर्जी. माझी तक्रार नाही." आसावरी मांडीवरच्या बायबलकडे बघत बसली. आपण सोडलेला तास त्या बाईनं देवाच्या माथी मारला होता, आणि वर त्याचे आभार मानले होते.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला, पद्मनाभला, सगळं सांगितलं.

"अगं, तू उठणार हे देवाला आधीच माहीत होतं ना? मग त्याच्या प्लॅनमध्ये ते धरलेलंच असणार. उगाच टेन्शन घेतेस."

"म्हणजे त्यानं मला उठवलं?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

पद्मनाभनं मोबाइल हातात घेतला. "पाळकसाहेबांना विचार बाई."

ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. आठव्या मजल्यावरून सगळा फ्लायओव्हर दिसायचा. पुढे गाड्या खोळंबल्या होत्या, आणि मागून एक स्कूटरवाला निवांत येत होता. त्याला कल्पना नव्हती, तिला होती. खालच्या रस्त्याला वळायची फट आली. तो वळला नाही. जाऊन अडकला. तिला सगळं आधी दिसलं होतं, पण म्हणून काही तिनं त्याचं हँडल धरलं नव्हतं.

देवानं बघितलं होतं. उठली ती स्वतः.

तरी ती तिथून हलली नाही. वरून त्या रस्त्याचं मागचं आणि पुढचं टोक एकदमच दिसत होतं. देवालाही तसंच दिसत असेल, तर ती दुपार त्याच्यापुढून अजून गेलेलीच नाही. आणि ही संध्याकाळही त्याला तेव्हापासून दिसत असणार. मग आज मागितलेलं त्यानं तेव्हाच ऐकलेलं असू शकतं. काकांची वाचा गेली ते आता टळणार नव्हतं. ते झालेलं सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. पण त्या तासात काका जिवाला घाबरून एकटे पडले होते, की कोणी जवळ असल्यासारखं त्यांना वाटलं होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तेवढं मागायचं राहिलं होतं. पण अनुसूयाबाईंना फसवत ठेवून ते मागायचं कोणत्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती येलहंक्याला काकांच्या घरी गेली. काका बाहेरच्या खोलीत खाटेवर होते. अनुसूयाबाई त्यांना पेज भरवत होत्या.

"काकी, साखळीतला माझा तास मी केला नाही."

"झोप लागली असेल गं. होतं असं."

"नाही. मुद्दाम उठले. फ्रिज साफ करत बसले."

अनुसूयाबाईंनी वाटी खाली ठेवली. "माझ्या त्या शिडीवरून?"

आसावरीनं होकारार्थी मान हलवली.

"फ्रिज!" त्या म्हणाल्या. "आणि मी चारचौघांत उभी राहून प्रभूची मर्जी म्हणाले. तुम्ही समोर बसून ऐकलंत." एरवी अगं-तुगं करणाऱ्या काकींच्या तोंडचं ते 'तुम्ही' आसावरीला चपराकीसारखं लागलं. "आणि एक सांगते. तुमच्या एका तासावाचून माझा देव अडून बसला होता असंही समजू नका. एवढ्या मोठ्या नाही तुम्ही."

"नाही काकी. पण त्या तासाचं मागायला आले आहे."

"गेलेल्या तासाचं?"

"आपल्याला गेलेला. त्याला नाही. तेव्हा काका एकटे पडू नयेत, एवढंच मागायचंय."

अनुसूयाबाई नवऱ्याकडे वळल्या. "रोज विचारते मी यांना, तेव्हा काय वाटलं हो? डोळे मिटून घेतात." मग पदरानं काकांची हनुवटी पुसली. "सरी, ठीक आहे. तीन व्हायला आलेत. बसा. मी आत आहे."

आसावरीनं खाटेपाशी गुडघे टेकले. "प्रभू, त्या दुपारी..." काका तिच्याकडे टक लावून बघत होते. तिनं डोळे मिटले. आत कुकर लागला, शिट्ट्या झाल्या. गुडघे ठणकू लागले. दार उघडंच होतं, आजही तिला कोणी धरून ठेवलं नव्हतं. मी आत्ता उठले, तर तेही त्याला तेव्हापासूनच दिसत असणार, या विचारानं तिनं खाटेचा पाय घट्ट धरला.

"चार वाजले," अनुसूयाबाई दारातून म्हणाल्या.

"आणखी थोडं बसू, काकी?"

त्यांनी काकांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"तुझी मर्जी," म्हणाल्या, आणि आत गेल्या.