मेलेल्या नळीची रायफल

आर्डिस होव्हलंडच्या कुरणात गोफरांची सभा भरत असे. एप्रिलमध्ये बर्फ हटलं की सकाळी कॉफीचा मग घेऊन ती दारात उभी राही, आणि समोर ऐंशी एकरांवर दीडशे-दोनशे गोफर मागच्या पायांवर ताठ उभे असत. पुढचे पाय पोटाशी धरलेले, नजर समोर, जणू मागच्या सभेचं इतिवृत्त कधी वाचतायत याची वाट बघतायत. प्राणी खारीएवढा, पण बिळं अशी खणतो की गाईचा पाय गुडघ्यापर्यंत आत जावा आणि गवत कापायच्या यंत्राचे दात मातीच्या ढिगावर आपटून पडावेत. मागच्या जुलैत आर्डिसच्या यंत्राचे अकरा दात पडले होते. तिचा स्वतःचा एक पडला होता, पण तो वेगळ्या कारणाने.

तिच्याकडे वडिलांच्या वेळची छोटी पॉइंट बावीसची बंदूक होती. ती सत्तर यार्डांपर्यंत नीट चाले. गोफरांनी हे पहिल्याच आठवड्यात हेरलं. दुसऱ्या आठवड्यापासून सभा ऐंशी यार्डांवर भरू लागली.

एवढ्यावर निभावलं असतं, पण आर्डिसला ऑरिन नावाचा थोरला भाऊ होता. वडिलांनी मरताना वाटणी केली तेव्हा ऑरिनला टेकडी मिळाली आणि आर्डिसला ओढ्याकाठचं कुरण. टेकडीवर दगड पिकतात. तेव्हापासून एकोणीस वर्षं ऑरिन त्या कुरणाकडे असा बघे, जसा पथ्यावरचा माणूस शेजारच्या ताटाकडे बघतो. या वर्षी त्याने कोऑपच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी दुकानात, कॉफीच्या टेबलावर, सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं.

"जुलैत गवत कापायच्या आत आर्डीने गोफर हटवले तर ठीक. नाहीतर कुरण मी कसणार. तिच्याच भल्यासाठी सांगतोय."

"आणि तिचं भलं नको असेल तर?" आर्डिसने विचारलं.

"तर माझ्या भल्यासाठी," ऑरिन म्हणाला. टेबल हसलं. टेबल म्हणजे म्हातारा मर्ल, डेल आणि धान्याच्या कोठारावरचा ग्लेन. त्या तिघांनी मान डोलावली की मोंटानाच्या त्या कोपऱ्यात ठराव पास झाला असं धरतात. कुरण गेलं की गाई जाणार, आणि गाई गेल्या की आर्डिसने ऑरिनच्या टेकडीकडे बघत म्हातारं व्हायचं, हे तिला न सांगता कळलं.

त्याच आठवड्यात दुकानाच्या फळ्यावर आयडेलाबाईंची चिठ्ठी लागली. आयडेलाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचा नवरा व्हर्लिन हिवाळ्यात गेला. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'रायफल विकणे आहे. बावीस-अडीचशेचं काडतूस. जड नळी. कारखान्यातून आली तशीच आहे, व्हर्लिनने शहाणपणा केलेला नाही. सहाशे डॉलर.'

आर्डिसने चिठ्ठी दोनदा वाचली. असल्या रायफली मुळी अशा उपद्रवी जनावरांसाठीच बनवतात. नळी एवढी जाड की खांद्याला अडकवून शिकारीला हिंडायचा प्रश्नच येत नाही. पिकअपच्या बोनेटवर वाळूची पिशवी ठेवायची, तिच्यावर ती टेकवायची, आणि तीनशे यार्डांवरची सभा बरखास्त करायची. नवी घ्यायची तर दुप्पट पैसे, आणि तेही माल आला तर.

"त्या रायफलीवर पैसे टाकू नकोस," ऑरिन म्हणाला. "व्हर्लिनने तिच्यातून आख्खं आयुष्य गोळ्या झाडल्या. नळी संपली असणार. थांब, मी बघून येतो. माझ्याकडे कॅमेरा आहे."

हा कॅमेरा म्हणजे लांब काडीच्या टोकाला बसवलेला वाटाण्याएवढा डोळा. तो नळीत सारायचा आणि फोनवर आतलं बघायचं. ऑरिनने तो नाताळात स्वतःला भेट दिला होता. दुसऱ्याच दिवशी तो आयडेलाबाईंकडे गेला, आतलं स्पष्ट दिसावं म्हणून तासभर नळी घासली, फोटो काढले, मोठे छापून आणले आणि कॉफीच्या टेबलावर पसरले.

सगळे वाकून बघू लागले. काडतूस बसतं त्याच्या पुढे, नळीच्या घशात, पोलादाला बारीक बारीक भेगा पडलेल्या. ऑगस्टमधल्या सुकल्या तळ्यासारख्या.

"आई गं," डेल म्हणाला.

"यातना झाल्या असतील का रे तिला?" ग्लेनने विचारलं.

मर्लने टोपी काढली. "मेलीये ही नळी."

"सहाशे डॉलरला प्रेत घेतेस काय?" ऑरिन आर्डिसला म्हणाला. "अगं, दुसरी नळी बसवायची म्हटली तर आठ महिने थांबावं लागेल. तोवर तुझे गोफर नातवंडांची लग्नं लावतील."

हे शेवटचं खरं होतं आणि म्हणून झोंबलं. सहाशे डॉलर एकदाच खर्च करता येणार होते. नळी खरंच मेलेली असेल तर पैसेही गेले, उन्हाळाही गेला आणि कुरणही गेलं. आर्डिसने फोटो उचलला, उजेडात धरला, उलटा करून बघितला. उलटा केल्यावरही तो तसाच दिसला.

"घशाचा फोटो बघून नेम कळतो तर," ती म्हणाली, "माझ्या घशाचा काढ, आणि रविवारी चर्चमध्ये मी गाते कशी ते सांग."

"ते फोटो न काढता सांगतो," ऑरिन म्हणाला.

"बरं. मग यांच्या रायफलींच्या नळ्या बघ. मर्ल, तुझी पिकअपमध्ये असेल ना?"

"माझी ठणठणीत आहे," मर्ल म्हणाला. "गेल्या रविवारी चारशे पावलांवरून कोल्हा पाडलाय मी."

"मग घाबरतोस कशाला?"

मर्ल रायफल घेऊन आला. डोळा आत गेला. फोनच्या पडद्यावर सुकलं तळं आलं, आणि व्हर्लिनच्यापेक्षा मोठं आलं. मग डेलने आपली आणली. मग ग्लेनने. बुधवारी दुपारी तपासणी सुरू झाली आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत गावात एकही जिवंत रायफल उरली नाही.

शोककळा पसरली. मर्लने आपली रायफल पलंगावर निजवून तिच्या अंगावर रजई घातली, असं त्याच्या बायकोनेच दुकानात सांगितलं. ती स्वतः सोफ्यावर झोपत होती. डेलने शुक्रवारी अंगणातल्या कोल्ह्यावर गोळी झाडली, नेम चुकला, आणि तो म्हणाला, "चुकणारच, मी आतलं बघितलंय ना." कोल्हा, असं म्हणतात, परत येऊन खात्री करून गेला.

"आणि तुझी रे, ऑरिन?" आर्डिसने विचारलं. "तुझ्या नळीत नाही घातलास डोळा?"

"माझी नवी आहे."

"मग तर सुंदरच दिसेल."

"ओरखडा पडतो त्याने," ऑरिन म्हणाला आणि कॉफी प्यायला लागला. कप रिकामा होता. बराच वेळ पीत राहिला.

शनिवारी सकाळी आर्डिस आयडेलाबाईंकडे गेली. त्यांचं घर एका चिंचोळ्या मातीच्या रस्त्याच्या टोकाला. दोन्ही बाजूंना खोल चर, आणि रस्ता पुढे कुठेही जात नाही. तरी तिच्या मागोमाग चार पिकअप आल्या. ऑरिन, मर्ल, डेल, ग्लेन. चौघंही म्हणाले, इकडून चाललो होतो.

"कुठे चालला होतात?" आयडेलाबाईंनी विचारलं. त्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर रुबार्बच्या आंबट देठांच्या केकचा डबा. "माझ्या घरापुढे फक्त कॅनडा आहे, आणि मध्ये कुंपण."

चौघांनी कुंपणाकडे बघितलं. केक मात्र घेतला.

"आयडेलाबाई, मला ती झाडून बघायची आहे," आर्डिस म्हणाली. "घेईन की नाही ते त्यावर ठरवेन. फोटो बघून झाले."

"झाड की. व्हर्लिनने स्वतःच्या हाताने भरलेली वीस काडतुसं आहेत. त्याच्यानंतर कोणी लावलंच नाही तिला बोट. म्हणजे तुझ्या भावाखेरीज."

दोनशे यार्डांवर गवताच्या गंजीला कागदी ताटली टाचली. आर्डिसने वाळूची पिशवी बोनेटवर ठेवली, नळीखालचा लाकडी दस्ता तिच्यावर टेकवला, दुर्बिणीत ताटली आली. रायफल जड होती, आणि त्या जडपणात काहीतरी मन लावून काम करणाऱ्या माणसाचा शांतपणा होता. तिने चाप ओढला.

गोळी ताटलीपासून वीतभर बाजूला लागली. दुसरी ताटलीच्या काठाला. तिसरी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. ग्लेनने उगाच आभाळाकडे बघितलं.

"झालं?" ऑरिन म्हणाला. आवाजात उपकार होते. "आर्डी, चल घरी. मी त्या कुरणाचं भाडं देईन तुला. थोडं."

तीन गोळ्या, तीन गावं. हाच पुरावा तिने मागितला होता आणि हाच तिला मिळाला होता. ती रायफल उचलून परत द्यायला वळली.

"एक मिनिट," आयडेलाबाई म्हणाल्या. "नळी घासली कोणी?"

"मी," ऑरिन म्हणाला. "तासभर. पांढरं फडकं आत घातलं तर पांढरंच बाहेर येतं. आरशासारखी केलीये."

"एकतीस वर्षं व्हर्लिनने तिला आरसा होऊ दिलं नाही. घासलेली नळी गोळी कुठे टाकेल ते देवालाही ठाऊक नसतं. आठ-दहा झाडाव्या लागतात. आत काजळी बसली की ती ताळ्यावर येते. आमच्या लग्नाचंही तेच झालं."

चौघं पुरुष आपापल्या बुटांकडे बघू लागले. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. दर वसंतात तेही नळ्या घासत आणि पहिल्या दहा गोळ्या रिकाम्या डब्यांवर वाया घालवून मगच रायफल बरी झाली असं म्हणत. पण कॅमेरा आल्यापासून कोणाला डबा आठवला नव्हता.

"हे तुला माहीत होतं," आर्डिस ऑरिनला म्हणाली.

"आता लक्षात आलं."

"मग लक्षात ठेव."

ती परत बोनेटवर वाकली. काजळी बसवायची म्हणून सावकाश झाडलं, दोन गोळ्यांमध्ये नळी थंड व्हायला वेळ देत. चौथी ताटलीच्या आत आली. पाचवी आणि सहावी चौथीच्या आसपास. मर्ल केक चघळायचा थांबला होता. नऊ झाल्यावर आयडेलाबाईंनी नवी ताटली टाचायला सांगितली. डेल पळतच गेला आणि पळतच आला.

"आता खऱ्या," आयडेलाबाई म्हणाल्या.

आर्डिसने पाच झाडल्या. दुर्बिणीतून तिला काय झालं ते दिसलं, पण तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. ताटली आणायला मर्ल गेला. जाताना म्हाताऱ्यासारखा गेला, येताना ताटली छातीशी धरून आला. पाच भोकं होती आणि पाचही कोंबडीच्या एका अंड्याखाली झाकली गेली असती.

"मी घरी जातो," मर्ल म्हणाला. "माझी पलंगावर आहे. तिला उठवतो."

ऑरिनने ताटली हातात घेतली आणि बराच वेळ भोकं मोजली. पाच मोजायला एवढा वेळ लागत नाही.

"आज लागल्या," तो म्हणाला. "भेगा आहेत त्या आहेतच. अजून पाचशे गोळ्यांत ही नळी कायमची बसेल."

"माझ्याकडे पाचशे गोफर नाहीत."

"आणि जुलैत उरले तर? आपलं ठरलंय."

आर्डिसने खिशातून पाकीट काढलं, सहाशे डॉलर आयडेलाबाईंच्या केकच्या डब्याशेजारी ठेवले आणि नोटा उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला. मग ती ऑरिनकडे वळली.

"ठरलं काही नव्हतं. तू बोललास आणि तुझ्या टेबलाने माना डोलावल्या. मी ही रायफल तुझी पैज जिंकायला घेत नाहीये. माझं गवत वाचवायला घेतेय. जुलैत एक उरला काय आणि शंभर उरले काय, ते माझे गोफर, माझ्या कुरणात. तुला मोजायचेच असतील तर कुंपणापलीकडून मोज. कॅमेरा आण हवा तर. बिळात घालून बघ, आतून मेलेत का ते."

ग्लेनला हसू आलं. ते त्याने रुबार्बच्या केकमध्ये लपवलं.

"बाप असता तर—" ऑरिनने सुरुवात केली.

"बापाने तुला टेकडी दिली," आयडेलाबाई म्हणाल्या. "विचार करून दिली असेल."

आर्डिसने उरलेली सहा काडतुसं खिशात टाकली, रायफल जाड चादरीत गुंडाळली, शेजारच्या आसनावर निजवली आणि पिकअप चालू केली. अडचण तिथे आली. अंगणात वळायला जागा एकाच गाडीपुरती, आणि रस्त्यावर चार पिकअप एकामागे एक, सगळ्यांची तोंडं घराकडे. चरात उतरल्याशिवाय बाजूला होता येत नव्हतं. मर्लने आधी मागचा गिअर टाकला, मग डेलने, मग ग्लेनने. शेवटी ऑरिनने.

अशी ती मिरवणूक निघाली. तीन पिकअप उलट्या, त्यांच्यामागोमाग ऑरिनची उलटी, आणि तिच्या बोनेटला बोनेट लावून आर्डिस सरळ. अर्धा मैल बहीण-भाऊ काचेतून एकमेकांच्या तोंडाकडे बघत चालले होते, ती पुढे जात, तो मागे सरकत. आर्डिसने हॉर्न वाजवला नाही. घाई नव्हती.

मोठा रस्ता आला तेव्हा ऑरिन वळून बाजूला झाला. त्या भागात समोरून गाडी गेली की नमस्कारादाखल स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं असतं. भांडण असो, खटला असो, बोट उचलायचंच. आर्डिसने उचललं. ऑरिनचा जबडा घट्ट होता, मान ताठ होती, पण बोट आपलं आपणच वर गेलं. तो त्या बोटाकडे बघत बसला, आणि आर्डिस कुरणाकडे वळली.