अर्धी लुची

जामाईषष्ठीला सासूनं जावयाला जेवू घालायचं, हे कोलकात्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण लेकाबरोबर राहणाऱ्या पुरुषाला? तमालच्या आईचं बोलावणं आलं तेव्हाच पल्लबच्या मनात पाल चुकचुकली. तो तिला माशिमा, म्हणजे मावशी म्हणायचा; इतक्या वर्षांत माशिमांनी दोघांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मग आजच एवढा पुळका कशाला?

जिन्यातच त्यानं तमालला धरलं. “तू सांगितलंस ना त्यांना?”

“काय?”

“वेड पांघरू नकोस. माझ्या जेवणाचं.”

“आईशप्पथ, नाही.”

“तिच्याच घरी चाललोय आणि तिचीच शपथ!”

जेवण झालं की पल्लब न्हाणीघरात शिरायचा, नळ सोडायचा आणि सगळं ओकून टाकायचा. लहानपणी आईची साडी नेसून नाचताना जेठूंनी, थोरल्या काकांनी, त्याला पाहिलं होतं. तेव्हापासून रोज त्याच्यापुढे भाताचा ढीग आणि दाराला बाहेरून कडी. “खा, म्हणजे पुरुष होशील.” ताट साफ झाल्याशिवाय कडी निघायची नाही. त्या मेल्यानं पोराचं अन्नच नासवलं.

माशिमांनी त्याला पाटावर बसवलं. समोर इलिश मासा, कोळंबी, मटण, दही. एवढ्या वाट्या बघूनच त्याला घाम फुटला. त्याची नजर दाराकडे गेली. आता आग्रह सुरू होणार आणि ही बाई घास मोजणार, याची त्याला खात्रीच होती.

माशिमांनी ताटात एकच फुगलेली लुची, मैद्याची पांढरी पुरी, ठेवली आणि ताडाच्या पंख्यानं वारा घालू लागल्या. “बाकीचं हवं तर घे. नको तर नको.”

“काय गं आई, जावयाला एकच?” तमाल म्हणाला.

“तू गप रे खादाडा.”

पल्लबचा संशय पक्का झाला. “सांगितलंच ना यानं?”

“त्यानं कशाला सांगायला हवं? दुर्गापूजेच्या दिवसांत इथे राहायला होतास. दर जेवणानंतर तुझा नळ सुरू. मला कान आहेत, बाबा.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशीबशी अर्धी लुची गेली, पुढे घास उतरेना. हात थांबला. त्यानं दाराकडे पाहिलं.

दार उघडंच होतं. माशिमांनी अर्ध्या लुचीसकट ताट बाजूला सारलं आणि त्याच्या मनगटावर षष्ठीचा पिवळा दोरा बांधला.

पल्लबला नळाची आठवण झाली. न्हाणीघर चार पावलांवर होतं. तो पाटावरून हलला नाही.

“माशिमा,” तो म्हणाला, “अजून थोडा वेळ वारा घाला ना.”