तुऱ्याची झील

"काका, तुऱ्याचं उत्तरही तुम्हीच गा ना," माइक पुढे सरकवत श्रेया म्हणाली. "तुम्हाला येतं, मला माहितेय."

"येतं गं. पण मी शक्तीवाला. समोरच्याचा जवाब माझ्या तोंडातून कसा निघंल?" दौलत धनावडे म्हणाले.

लालबागच्या चाळीतल्या त्या खोलीत आतून रखमाबाईंचा आवाज आला, "पोरी, नको सांगूस त्यांना. त्या गोताडाची बघितली तेवढी वाट ह्यांनी माझी पण नाय बघितली कधी."

दौलत हसले. खोटं काय होतं त्यात? गिरणी गेली, दादरची लिफ्टमनची नोकरीही संपली. पण गोकुळाष्टमी ते गणपती तुरेवाल्या शिवराम गोताडबुवांशी शक्ती-तुऱ्याच्या सामन्याची बारी ठरलेली. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. मनसोक्त टोमणे मारायचे. पण बारीबाहेर एकमेकांच्या पंगतीला बसायचं नाही, ख्यालीखुशाली विचारायची नाही. मग बुवा संगमेश्वराकडे गावी निघून गेले. मंडळातली नवी मुलं बरी गायची, पण मोबाइलमध्ये बघून. दौलतना समोर कुणी उरलंच नाही.

यंदा दोन विद्यापीठांनी मिळून शक्ती-तुऱ्याची गाणी जतन करायला घेतली, एक इथलं, एक घाटावरचं. श्रेया इथली. तिकडचा विनीत घाट उतरून बुवांच्या गावी जाणार, हे कळल्यावर मागच्या खेपेला दौलतनी मनात कित्येक वर्षं घोळवलेला सवाल तिच्या माइकवर गायला होता. डोळे मिटायच्या आत बुवांचा एक जवाब ऐकायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

"आला का नाय जवाब?" आता त्यांनी विचारलं.

श्रेया घुटमळली. "आलाय. पण तसा नाही. काका, बुवांना अर्धांगवायू झालाय. वाचा गेलीय त्यांची."

सवालाच्या शेवटी दौलतनी रिवाजाप्रमाणे टोमणा घातला होता:

*तुरेवाल्या, बोल की आता, जीभ कशानं अडली?*
*का माझ्या सवालाच्या धाकानं दातामागं दडली?*

"ती ओळ... ऐकवलीत त्याला?"

"त्यांचा मुलगा नकोच म्हणत होता. पण बुवांनी खूण केली, परत लावा. त्या ओळीला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले म्हणे. मग घुंगरांचे चाळ मागवले आणि चालत्या पायात बांधून घेतले."

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि बटण दाबलं. पडद्यावर आवाजाची सरळ रेघ सरकू लागली. लांब कुठे कोंबडा आरवला. मग एक छम. रेघेवर बारीक उंचवटा आला. पुन्हा एक. पाय आधी अडखळला, मग लयीला लागला. ही तुऱ्याची चाल. दौलतचं बोट आपोआप गुडघ्यावर पडू लागलं. शब्द नव्हते, पण ओळ कुठे वळते, कुठे चढते, सगळं कळत होतं.

एका जागी चाळ थांबले. रेघ पुन्हा सपाट झाली.

"इथे ते दमले असतील," श्रेया हळूच म्हणाली.

"दमतोय कसला!" दौलत म्हणाले. "ओळ संपली त्याची. इथं मागच्यांनी झील धरायची असते, सूर उचलायचा असतो. कोणी नाय मागं त्याच्या, म्हणून थांबलाय."

चाळ पुन्हा सुरू झाले, तीच ओळ चालले आणि त्याच जागी थांबले.

"पहिल्यापासून लाव," दौलत म्हणाले. "आणि तुझं मशीन चालू ठेव."

"पण काका, शक्तीवाल्याने तुऱ्याला झील..."

"लाव गं."

कोंबडा आरवला. पाय अडखळला, सावरला. ओळ वळली, चढली, थांबली, आणि दौलतनी सूर उचलला. आवाज फाटका होता, पण जागेवर पडला. दुसऱ्या वेळी मागून आणखी एक सूर मिसळला. रखमाबाई पिठाच्या हातांनी दारात उभ्या होत्या.

झील संपली. दौलत डोळे मिटून बसून राहिले, पुढच्या पावलाची वाट बघत.

छम.